चार मीटरची गाडी आणि उपनगरातला संसार

अंधेरी ते बोरिवली असो की घाटकोपर ते मुलुंड, कोणत्याही सोसायटीच्या आवारात आज नजर टाकली तर एकाच जातीच्या गाड्या जास्त दिसतात. जमिनीपासून उंच, समोरून रुबाबदार, मागून आखूड. कंपन्या तिला कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात. आमच्या बिल्डिंगचे वॉचमन चाचा तिला ‘छोटी जीप’ म्हणतात. पंधरा वर्षांपूर्वी याच जागेवर ऑल्टो, वॅगन-आर आणि सँट्रो उभ्या असत.

ही गाडी घराघरांत आली त्याची कारणे साधी आहेत. सीट उंच असल्याने दादी-नानींना गुडघे न दुमडता बसता-उतरता येते. सुट्टीत महाड, खेड, चिपळूणकडे गावी जाताना खड्ड्यांत पोट घासत नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्याची धास्ती कमी वाटते. आणि लग्नकार्यात चारचौघांत शोभून दिसते, हेही खरेच.

आम्ही गेली सहा वर्षे अशीच एक गाडी वापरतो. ती कोणत्या कंपनीची हे सांगण्याची गरज नाही, कारण शाळेत मधल्या सुट्टीत चहा घेताना सहकारी ज्या तक्रारी सांगतात त्या सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांबद्दल सारख्याच असतात. बॅटरी उतरते, एसीला कुबट वास येतो, पायाखालचा गालिचा ओला होतो, समोर कुठलातरी पिवळा दिवा लागतो. मिस्त्रींना विचारत आणि गाडीसोबत आलेले हँडबुक वाचत आमचा एक समज पक्का झाला. यांतल्या बहुतेक तक्रारींचे मूळ दोनच गोष्टींत आहे. एक, ही गाडी दिसते तेवढी मोठी नाही. दोन, जसे चालवण्यासाठी ती बनली आहे तसे चालणे तिला उपनगरात मिळत नाही. या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या तर निम्म्याहून अधिक त्रास घरच्या घरी मिटतो. उरलेल्यांपैकी काही मात्र जिवाशी गाठ घालणारे आहेत, त्यांबद्दल शेवटी लिहू.

ही गाडी अशी का झाली?

सरकारने २००६च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. छोटी गाडी कोणती, याची व्याख्या ठरली ती अशी: लांबी ४ मीटरपेक्षा जास्त नको, पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत आणि डिझेल इंजिन १५०० सीसीच्या आत. पुढे कर बदलले, जीएसटी आला, पण ही चार मीटरची रेघ कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५पासून या व्याख्येत बसणाऱ्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि न बसणाऱ्या मोठ्या गाडीवर ४० टक्के.

मग कंपन्यांनी काय केले? लांबी चार मीटरच्या आत ठेवली आणि गाडी वरच्या दिशेने वाढवली. २०१३मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट आली, २०१६मध्ये मारुतीची विटारा ब्रेझा, २०१७मध्ये टाटाची नेक्सॉन, २०१९मध्ये ह्युंदाईची व्हेन्यू. ब्रेझा आणि नेक्सॉन या दोन्हींची आजची लांबी ३९९५ मिलिमीटर आहे. म्हणजे रेघेच्या अलीकडे अर्धा सेंटिमीटर! गंमत अशी की लांबी सारखी असली तरी इंजिनामुळे कर वेगळा पडतो. नेक्सॉनचे पेट्रोल इंजिन ११९९ सीसीचे असल्याने ती छोट्या गाडीत मोडते आणि ब्रेझाचे १४६२ सीसीचे असल्याने ती मोडत नाही.

सांगायचा मुद्दा हा की ही जीप नव्हे. हिला पुढच्या दोन चाकांनाच ओढ असते, बसायला पाच जागा असतात आणि आतली रचना छोट्या गाडीचीच असते, फक्त उंचीवर बसवलेली. तिच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवली म्हणजे ती उत्तम सेवा देते.

उभ्या गाडीचे आजार

गाडी जास्त चालवली म्हणजे बिघडते, असा आपल्याकडे समज आहे. उपनगरात बहुतेक वेळा उलटे घडते. जून २०१४पासून वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो धावते आहे, २०२२-२३पासून दहिसर-अंधेरीच्या दोन मार्गिका सुरू आहेत. लोकल तर आहेच. शहाणा माणूस कामाला गाडी नेत नाही. मग गाडी सोमवार ते शनिवार खाली उभी राहते आणि रविवारी चावी फिरवली की फक्त टक-टक आवाज येतो.

आजकालच्या गाडीत इंजिन बंद असले तरी अलार्म, रिमोट, घड्याळ, कॉम्प्युटर थोडी थोडी वीज खात असतात. त्यात कोणी डॅशबोर्डावरचा कॅमेरा चोवीस तास चालणारा जोडलेला असेल तर पाहायलाच नको. उपाय सोपा आहे. आठवड्यातून दोनदा गाडी निदान अर्धा तास चालवावी. नुसती जागेवर पाच मिनिटे सुरू ठेवून उपयोग होत नाही, कारण स्टार्टरने खाल्लेली वीजही तेवढ्यात भरून येत नाही. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी साचली असेल तर इंजिन बंद करून कोमट पाण्याने पुसून कोरडी करावी.

डिकीत जम्पर केबल ठेवावी आणि ती जोडण्याचा क्रम घरातल्या सर्वांना शिकवावा. आधी लाल वायर उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला. नंतर काळी वायर चांगल्या बॅटरीच्या उणेला आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. सुरू झाल्यावर काढताना हाच क्रम उलटा.

चावीचेही असेच. बटणावर सुरू होणाऱ्या गाडीच्या रिमोटमधला नाण्याएवढा सेल दोन-तीन वर्षांत संपतो. संपल्यावर गाडी ‘चावी सापडत नाही’ असा संदेश देते आणि घरचे लोक घाबरतात. बहुतेक रिमोटच्या पोटात एक छोटी साधी चावी लपवलेली असते, तिने दार उघडते. मग बऱ्याच गाड्यांत ब्रेक दाबून रिमोट थेट स्टार्टच्या बटणाला टेकवला की गाडी सुरू होते. हे आधीच एकदा करून पाहावे, म्हणजे रात्री अकरा वाजता वलीम्याहून निघताना कोणाला फोन करावा लागत नाही.

उभ्या गाडीचा दुसरा शत्रू म्हणजे उंदीर. नाल्याजवळच्या आणि कचराकुंडीजवळच्या जागेत तर तो हमखास येतो. इंजिनाच्या उबेत बसतो आणि वायरी कुरतडतो. तंबाखूची पाने, डांबराच्या गोळ्या, बाजारातले फवारे यांचा परिणाम काही दिवसच टिकतो. जास्त उपयोगी पडतात त्या तीन गोष्टी: जागा शक्य असेल तर बदलणे, दर आठवड्याला बोनेट उघडून पाहणे, आणि गाडीच्या आत खाण्याचा कण न ठेवणे. रमजानमध्ये रस्त्यातच रोजा सोडावा लागतो. खजुराच्या बिया, समोशाचे तुकडे, भज्यांचा कागद मागच्या सीटखाली राहतो. दुसऱ्याच दिवशी तो झाडून काढला पाहिजे. वायर कुरतडल्याचा खर्च आपल्या विम्यात बसतो का, हे पॉलिसी घेतानाच विचारून ठेवावे.

टायर आणि ब्रेकही उभे राहून बिघडतात. पावसाळ्यात चार दिवस उभ्या गाडीच्या ब्रेकच्या चकतीवर तांबूस गंज धरतो आणि निघताना खर्र असा आवाज येतो. दोन-चार वेळा हलके ब्रेक मारले की तो जातो, घाबरण्याचे कारण नाही. बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागेवर गिअरमध्ये ठेवून, चाकांना विटेची ओट देऊन हँडब्रेक सोडून ठेवावा, म्हणजे तो चिकटत नाही. टायरमधली हवा पंधरा दिवसांनी तपासावी आणि तीही गाडी थंड असताना. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेले असते. पाच माणसे आणि डिकी भरून गावी जाताना किती जास्त भरायची, हाही आकडा तिथेच असतो. टायरच्या कडेला चार आकडे असतात, ते त्याचे वय सांगतात. २३२० लिहिले असेल तर तो २०२०च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांच्या टायरची दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी.

रखडणाऱ्या गाडीचे आजार

कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतचा एलबीएस मार्ग, साकीनाका, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. इथे गाडी चालत नाही, सरपटते. आणि सरपटण्याचा सगळा भार क्लचवर येतो.

हाताने गिअर टाकायच्या गाडीत पाय सतत क्लचवर टेकलेला असला तर तो लवकर झिजतो. समोरची गाडी दोन फूट सरकली की आपणही सरकायचे, ही सवय सोडावी. थोडी जागा होऊ द्यावी, मग पहिल्या गिअरमध्ये पूर्ण क्लच सोडून एकदाच पुढे जावे. सिग्नलला न्यूट्रल करून पाय काढून घ्यावा. एएमटी म्हणजे ज्या गाडीत गिअर आपोआप पडतात पण आत साधाच क्लच असतो, तिच्यात तर जास्त सांभाळावे लागते. पुलाच्या चढावर किंवा बेसमेंटच्या उतारावर थांबताना अनेक जण रेस देऊन गाडी धरून ठेवतात. आतला क्लच त्यात तापून निघतो आणि जळका वास येतो. चढावर थांबायचे ते ब्रेकवर किंवा हँडब्रेकवरच.

डिझेल गाडीवाल्यांचे दुखणे वेगळे. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी आली. ती जाळी साठलेली काजळी स्वतः जाळते, पण त्यासाठी इंजिन चांगले तापावे लागते आणि गाडी सलग धावावी लागते. घर ते शाळा, शाळा ते बाजार अशा तीन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ते घडत नाही. मग एक दिवस पिवळा दिवा लागतो. तो लागल्यावर इंजिन बंद न करता मोकळ्या रस्त्याला लागावे आणि साधारण वीस मिनिटे पन्नास-साठच्या एकसारख्या वेगाने, एखादा गिअर खाली ठेवून चालवावे. दिवा बहुधा विझतो. दुर्लक्ष केले तर गाडी ताकद कमी करते आणि सर्व्हिस सेंटरची वारी करावी लागते. दिवा लागायची वाट तरी का पाहावी? महिन्यातून दोनदा रविवारी फजरनंतर रस्ते मोकळे असतात तेव्हा मुलुंड नाक्यापलीकडे एक लांब फेरी मारावी. १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून दहिसर, मुलुंडचे दोन्ही, ऐरोली आणि वाशी अशा पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला आहे, तेव्हा या फेरीचा खर्च डिझेलपुरताच. ज्यांची रोजची धाव दहा किलोमीटरच्या आत आहे त्यांनी डिझेल गाडी घेऊच नये, असे आम्ही विचारणाऱ्याला सरळ सांगतो.

सीएनजीवाल्यांसाठी दोन गोष्टी. सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते, तिची तारीख गाडीवरच्या पट्टीवर असते. आणि आठवड्यातून थोडे अंतर पेट्रोलवरही चालवावे, म्हणजे पेट्रोलची बाजू गंजत नाही आणि गॅस संपल्यावर गाडी अडून बसत नाही. डिकीचे म्हणाल तर एक मोठे सिलिंडर आले की ती जवळजवळ गेलीच. नेक्सॉनच्या सीएनजी गाडीत दोन लहान सिलिंडर तळाला ठेवल्याने ३२१ लिटर जागा उरते. गावाहून तांदूळ, आंबे आणणाऱ्या घराने गाडी घेण्याआधी रिकामी डिकी उघडून पाहावी आणि मग सही करावी.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणे हीही एक नेहमीची तक्रार. उन्हाळ्यात त्याबरोबर एसीचा थंडावाही जातो. बहुतेक गाड्यांत ही सोय बंद करायला बटण असते, फक्त ते दर वेळी दाबावे लागते. अशा गाडीची बॅटरी खास प्रकारची असते. बदलताना दुकानदार साधी स्वस्त बॅटरी पुढे करील, ती घेऊ नये. ती लवकर मान टाकते.

कुबट वास आणि ओला गालिचा

मुंबईच्या दमट हवेत एसीच्या आतल्या थंड जाळीवर पाणी साचते आणि तिथे बुरशी धरते. वास तिचा असतो. सुगंधी बाटली टांगून तो झाकला जातो, जात नाही. घर येण्याच्या तीन-चार मिनिटे आधी एसीचे बटण बंद करावे आणि पंखा चालू ठेवावा, म्हणजे जाळी कोरडी होते. हवेचा फिल्टर बहुतेक गाड्यांत पुढच्या खणाच्या मागे असतो. खण दोन्ही बाजूंनी दाबून उतरवला की तो हाताने निघतो. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर तो बदलावा. हे काम आमच्या घरी आठवीतला मुलगा करतो.

गालिचा ओला होण्याची कारणे तीन असू शकतात. समोरच्या डावीकडच्या सीटखाली ओल असेल तर बहुधा एसीची निचऱ्याची नळी तुंबलेली असते. एसी चालू असताना गाडीखाली पाण्याचे थेंब पडत नसतील तर ओळखावे. दुसरे कारण म्हणजे वायपरखालच्या जाळीत अडकलेला पाला. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्षाखाली उभ्या गाडीत बारीक पाने तिथे जातात, पाणी तुंबते आणि आत उतरते. जूनच्या आधी ती जागा जुन्या टूथब्रशने साफ करावी. तिसरे कारण छतावरची सरकती काच. तिच्या चार कोपऱ्यांना पाणी बाहेर नेणाऱ्या नळ्या असतात. त्या धुळीने बुजल्या की छतातल्या दिव्यातून पाणी टपकते आणि लोकांना वाटते काच फुटली. काच उघडून कडेची खाच ओल्या फडक्याने पुसावी आणि कोपऱ्यात वाटीभर पाणी हळूच ओतून ते चाकाजवळ खाली पडते का ते पाहावे. नळीत तार घालू नये, नळी आत निसटते.

आपल्या घरांतली एक खास अडचण बकरी ईदला येते. नातेवाइकांकडे गोश्त पोहोचवताना पिशवीतून पाझरलेले पाणी डिकीच्या गालिच्यात मुरले की आठवडाभर वास जात नाही. थर्माकोलचा किंवा प्लास्टिकचा झाकणाचा डबा, त्याखाली कडा उचललेला रबरी ट्रे, एवढे पुरेसे आहे. बिर्याणीची देगची नेतानाही तोच ट्रे कामाला येतो. तरीही वास राहिलाच तर गालिचा पुसून कोरडा करावा, खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी झाडून काढावा.

जागा आणि शेजारधर्म

नव्या टॉवरमध्ये एकावर एक गाड्या ठेवणारे यांत्रिक पार्किंग असते. त्याच्या पाटीवर उंचीची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते. अनेक ठिकाणी ती सेदान आणि छोट्या गाड्या धरून ठरवलेली आहे. बलेनोची उंची १५०० मिलिमीटर आहे, नेक्सॉनची १६२०च्या आसपास आणि ब्रेझाची १६८५. गाडी लांबीत बसते आणि उंचीत अडकते. बुकिंगआधी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन पाटीवरचा आकडा लिहून आणावा आणि गाडीच्या माहितीपत्रकातल्या आकड्याशी ताडून पाहावा. छतावर कॅरियर बसवला तर उंची आणखी वाढते हे विसरू नये.

जुम्याच्या दुपारी मशिदीबाहेर दुहेरी रांगेत गाडी लावण्याबद्दलही लिहिले पाहिजे. आखूड गाडी म्हणून ती कुठेही कोंबता येते असे वाटते, पण आत अडकलेली रिक्षा कोणाच्या तरी रोजीची असते आणि त्याच गल्लीतून ॲम्ब्युलन्सही जाते. जवळचे अंतर पायी जावे, आणि नेलीच तर मोबाइल नंबरची पट्टी काचेमागे ठेवावी.

पाणी: इथे हिंमत नको

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी काही माणसे बंद गाडीतच गुदमरून गेली. अंधेरीचा सबवे आजही जोराच्या पावसात बंद करावा लागतो. उंच गाडी हाती आली की याच ठिकाणी माणसाला धीर येतो, आणि तो धीर खोटा असतो.

गाडीच्या पोटाखाली २० सेंटिमीटर जागा आहे याचा अर्थ ती तेवढ्या किंवा त्याहून जास्त पाण्यात चालेल असा होत नाही. इंजिन हवा ओढते ती नळी पुढे बोनेटखाली असते. समोरून येणाऱ्या बसने लाट मारली की पाणी तिथवर उसळते. हवेऐवजी पाणी इंजिनात गेले तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण पाणी दबत नाही, आणि आतला दांडा वाकतो. याला इंजिन लॉक होणे म्हणतात. दुरुस्ती एवढी महाग की जुनी गाडी लोक भंगारात देतात.

पाणी चाकाच्या अर्ध्यावर आले म्हणजे परत फिरावे. पुढे कोणती गाडी गेली ते पाहू नये. गाडी पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा स्टार्ट मारू नये, एकदाही नाही. ती ढकलून किंवा ओढून न्यावी. पाणी दाराशी चढू लागले तर सामानाचा विचार न करता, काचा खाली होतात तोवर त्या उतरवून बाहेर पडावे. काच फोडायची हातोडी आणि बेल्ट कापायची सुरी एकत्र असलेले छोटे हत्यार बाजारात मिळते. ते डिकीत ठेवू नये, ड्रायव्हरच्या हाताशी ठेवावे. काच फोडताना कोपऱ्यावर मारावे आणि तेही बाजूच्या काचेच्या. समोरची काच फुटत नाही.

याच संदर्भात विम्याची दोन वाक्ये. १ सप्टेंबर २०१८पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्यामुळे ‘तीन वर्षे काळजी नाही’ असे अनेक घरांत म्हटले जाते. पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा बहुधा एकच वर्षाचा असतो आणि तो दरवर्षी नवा करावा लागतो. शिवाय पाणी शिरून झालेले इंजिनचे नुकसान साध्या फुल इन्शुरन्समध्येही सहसा धरत नाहीत. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. मुंबईत राहणाऱ्याने ती जरूर घ्यावी.

पाच म्हणजे पाचच

आता सगळ्यांत नाजूक गोष्ट. आपली कुटुंबे मोठी. अम्मी, अब्बा, आपण दोघे, तीन मुले, आणि निघताना खालाही म्हणतात, ‘मला वाटेत सोडा.’ गाडी मोठी दिसते म्हणून आठ माणसे बसतात. पण बेल्ट पाचच आहेत, एअरबॅग पाच जणांच्या हिशेबाने आहेत, आणि ब्रेक व टायरही तेवढ्याच वजनाच्या हिशेबाने आहेत.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२पासून मुंबई पोलिसांनी मागे बसणाऱ्यांसाठीही बेल्टची सक्ती लागू केली. बेल्ट नसेल तर हजार रुपये दंड आहे, आणि चौदा वर्षांखालचे मूल बेल्टशिवाय असले तरी तितकाच. दंड तर आपण भरून टाकू. पण साठच्या वेगात गाडी आदळली तर मागचे मोकळे मूल त्याच वेगाने पुढच्या सीटवर जाऊन आपटते, त्याची भरपाई कोण करणार?

नेक्सॉनला डिसेंबर २०१८मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला ते पहिल्यांदाच मिळाले होते. ऑक्टोबर २०२३पासून भारत एनकॅप ही आपली चाचणीही सुरू झाली. पण या तारकांच्या चाचणीत गाडीतला प्रत्येक पुतळा बेल्ट लावून बसलेला असतो आणि लहान मुलाचा पुतळा त्याच्या खास सीटमध्ये असतो. बेल्ट न लावणाऱ्याला ते तारे लागू होत नाहीत.

बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसणे तर पूर्ण बंद करावे. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते आणि तिच्या व आईच्या मध्ये बाळ चिरडते. मागच्या सीटच्या फटीत आयसोफिक्सचे दोन लोखंडी कडे असतात, मुलांची सीट त्यांना अडकवायची. बुरखा, अबाया किंवा मोठी ओढणी असताना बेल्टचा खालचा पट्टा कपड्याच्या चुण्यांवर तरंगू देऊ नये. कपडा सारखा करून पट्टा पोटाखाली, कमरेच्या हाडावर घट्ट बसवावा. गरोदर बाईनेही तसाच, पोटाच्या खालून. दार लावण्याआधी कपड्याची किनार आत घेतली की नाही हे पाहावे. ती बाहेर राहून मोटारसायकलला अडकल्याचे आम्ही घाटकोपरला पाहिले आहे.

ईदच्या संध्याकाळी बांद्र्याच्या किनाऱ्याकडे गाड्यांच्या छतातून मुले अर्धी बाहेर उभी दिसतात. हातात झेंडे-फुगे, आणि खाली वडील कौतुकाने हॉर्न वाजवतात. ती काच उजेडासाठी आणि हवेसाठी आहे. एक जोराचा ब्रेक लागला तर मूल बाहेर फेकले जाते.

मग मोठ्या कुटुंबाने काय करावे? बारा महिन्यांतले पाच-सहा दिवसच सगळे एकत्र निघतात. त्या दिवसांपुरती अर्टिगासारखी सात जागांची गाडी भाड्याने घ्यावी. जवळचे अंतर असेल तर दोन फेऱ्या कराव्यात. नाहीतर मुले आणि जवान मंडळींनी मेट्रोने जावे आणि बुजुर्गांना गाडी द्यावी. छतावर सामान बांधायचे तर हँडबुकात किलोचा आकडा दिलेला असतो, त्यात कॅरियरचे वजनही मोजायचे. जड पोती खाली डिकीत, हलक्या बॅगा वर. कशेडी आणि परशुराम घाटाच्या वळणांवर वरचे वजन गाडीला झोला देते.

रमजानमध्ये मगरिबच्या आधीची वीस मिनिटे रस्त्यावर सर्वांत घाईची असतात. दाराच्या कप्प्यात खजूर आणि पाण्याची स्टीलची बाटली कायम ठेवावी. वेळ झाली की गाडी बाजूला घेऊन रोजा सोडावा. दस्तरखान दहा मिनिटे थांबतो.

शनिवारची दहा मिनिटे

घरातल्या दोन मुलांवर हे काम सोपवता येते. एकाने चारही टायर आणि स्टेपनी पाहायची, दुसऱ्याने बोनेट उघडून ऑइलची पट्टी, काचेचे पाणी आणि वायरी. सीटखाली झाडू. वायपरखालचा पाला. सगळे दिवे लावून भिंतीवर उजेड पडतो का ते पाहणे. पीयूसी आणि विम्याच्या तारखा कॅलेंडरवर लाल पेनाने. आणि हँडबुक, जे बहुतेक घरांत प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही निघत नाही, ते उघडून दर शनिवारी एक पान मोठ्याने वाचणे.

घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी बहुतेक कुटुंबांत हीच असते, हप्ते पाच-सात वर्षे चालतात. तेवढी वर्षे ती नीट राहावी आणि तिच्यात बसणारे सगळे रोज घरी परत यावेत, यासाठी आठवड्याची दहा मिनिटे जास्त नाहीत. येत्या शनिवारी मुलांना खाली घेऊन जा आणि टायरवरचे ते चार आकडे त्यांच्याकडून वाचून घ्या.